वस्तादांची पातळ पट्टी

वस्ताद सोफे विकायचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण वस्ताद स्वतः ते कुणाला सांगत नसत. कार्यक्रमात ओळख करून देणारा माणूस माईकवर "दांडपट्ट्याच्या प्राचीन परंपरेचे अखेरचे वारसदार" असं म्हणायचा, तेव्हा ते मान खाली घालून उभे राहायचे. एवढी स्तुती जणू सोसवत नाही. ती ओळ त्यांनीच सकाळी फोनवरून सांगितलेली असायची.

बाकी आठवडाभर ते एका फर्निचरच्या दुकानात असत. गिऱ्हाईक आलं, की त्याला चटकन उठता येणार नाही अशा खोल सोफ्यात बसवायचं आणि मग आपले पूर्वज ऐकवायचे.

"या हातानं पट्टा फिरतो, ताई. सात पिढ्या फिरतोय."

"हो का? बरं, याचा स्पंज किती वर्षं टिकतो?"

सात पिढ्यांचा हिशेब वस्तादांच्या बायकोला पक्का ठाऊक होता. वस्तादांचे वडील पोस्टाच्या खिडकीत बसून तिकिटं विकायचे, आणि आजोबा काय करायचे ते घरात कुणालाच आठवत नव्हतं. उरलेल्या पाच पिढ्या वस्तादांनी सोफ्यावर बसल्या बसल्या जन्माला घातल्या होत्या. खरी पिढी एकच होती, आणि ती तिच्या माहेरची.

तिला सगळे वस्तादीणबाई म्हणत. त्याच दुकानासाठी ती घरी बसून पडदे आणि उश्यांचे अभ्रे शिवायची. शिलाई मशीन खिडकीपाशी, शेजारी कापडाचे गठ्ठे, भिंतीवर वस्तादांचा पट्टा उगारलेला फोटो. फोटोतल्या माणसाला भरघोस केस होते. लग्नाआधी तिने ते केसच पाहिले होते. पुढे केस गेले, नवरा राहिला.

तिचे वडील, अण्णा, एका गोदामाचे पहारेकरी होते. गोदामामागच्या अंगणात संध्याकाळी ते पट्टा शिकवायचे. शिकायला येणारे म्हणजे हमाल, गाडीवान, एखादा शाळेचा शिपाई. टाळ्या वाजवायला कुणी नसायचं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. तिला अण्णांनी कधी शिकवलं नाही, आणि त्याबद्दल तिने त्यांना कधी माफही केलं नाही. पण त्यांचं ओरडणं रोज कानावर पडायचं, त्यामुळे ते तिला पाठ होतं.

दांडपट्टा ज्यांनी फक्त मंचावर पाहिला आहे त्यांना तो चमचमणारा पंखा वाटतो. पण ती कोपरापर्यंत हात गिळणारी लोखंडी मूठ असते आणि तिच्यापुढे वेतासारखं लवणारं लांबलचक पातं. हात मुठीत जखडलेला, म्हणून मनगट वळत नाही. तलवार मनगटाने फिरवता येते, पट्ट्याला खांदा लागतो, आणि खांद्याहून जास्त पाय लागतात. पाय चुकला की पातं चुकलंच.

"हे चौघांनी घेरलेल्या माणसाचं हत्यार आहे," अण्णा ओरडायचे. "घेरलेला माणूस टाळ्यांसाठी थांबत नाही! पाय हलव!"

कुणी मोठ्या तोऱ्यात इतिहास काढला, की अण्णा बिडी विझवून म्हणायचे, "अरे, लढले ते मेले. जे उरले ते लंगडत घरी आले आणि त्यांनी पोरांना शिकवलं. काय शिकवलं? आधी मागं सरकायला शिकवलं. ते विसरलास तर बाकी सगळं नाच आहे."

अचूक वार शिकवायला ते पालथ्या टोपलीवर लिंबू ठेवायचे. एकदा एक उत्साही हमाल म्हणाला, माणसाच्या अंगावर ठेवून कापू का? अण्णांनी त्याला महिनाभर नुसतं अंगण झाडायला लावलं. "माणसावर पातं उचलायचं ते एकाच कामासाठी. ते काम नसेल तर टोपली बरी."

वस्ताद या अंगणात आले ते ऐन तारुण्यात. अण्णांनी चार दिवसांत निकाल दिला, "हात गोड आहे, पाय आळशी." तो निकाल पुढे कधी बदलला नाही. अण्णा गेल्यावर पट्टा जावयाकडे आला, जशी एखाद्या घरात पेटी येते आणि वाजवता येणारं कुणी नसतं.

पहिला कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात झाला. डोळे बांधून लिंबू कापायची कल्पना वस्तादांचीच. डोळे खरोखरच बांधले होते. टोपलीवरचं लिंबू राहिलं बाजूला आणि खालच्या स्टुलाचा पाय तुटला. पोरं इतकी हसली की मुख्याध्यापकांना घंटा वाजवावी लागली. वस्ताद घरी आले आणि म्हणाले, "स्टूलच वाकडं होतं." नाचता येईना, अंगण वाकडं. जेवण झाल्यावर त्यांनी ती जाड काळी पट्टी मशीनवर आणून टाकली.

"जरा हवा खेळती राहील असं कापड बघ. आत घाम येतो फार."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी फोटोकडे पाहिलं.

तिने कडेला दुहेरी काळं कापड आणि मधोमध एकपदरी काळी मलमल अशी पट्टी शिवून दिली. लांबून पाहणाऱ्याला ती ठार काळी दिसायची आणि आतल्याला सगळं दिसायचं. लोकांना तपासायला द्यायची ती जुनी जाड पट्टी. तपासून झाली की तबकात ठेवायची आणि रुमालाखालून दुसरी उचलायची. तबक तीच धरायची. या विषयावर नवराबायकोत पुढे एक अक्षरही बोललं गेलं नाही. घाम येतो, एवढंच.

मग टोपली गेली. कारण टोपलीला बघायला लोक येत नाहीत. लिंबू आलं वस्तादीणबाईंच्या गळ्याच्या खळगीत. खाली बांगडीएवढी चामड्याची चकती, वर लिंबू, त्याच्याही वर नवरा. ती वर्षानुवर्षं तशी आडवी झाली. तिला भीती वाटायची नाही, कारण नवरा नीट बघतोय हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली पडल्या पडल्या ती दुसऱ्या दिवशीच्या पडद्यांची मापं आठवायची.

लोक मात्र श्वास रोखून बसायचे. नंतर येऊन म्हणायचे, "अंतर्दृष्टी! दुसरं काय!" शिकली सवरलेली माणसं, कुणी प्राध्यापक, कुणी बँकेतले साहेब. डोक्यावरचे केस पिकले, पण त्या कापडाला नुसतं बोट लावून बघावं असं एकालाही वाटलं नाही.

दोन वर्षांमागे वस्ताद पट्टी घेऊन पुन्हा मशीनपाशी आले. "हल्ली घाम जास्त येतो गं. जरा पातळ कर."

तिने नवी, पातळ पट्टी शिवली. पुढच्या वर्षी, ऐन थंडीत, अंगात स्वेटर घालून ते म्हणाले, "अजून जरा पातळ. घामानं जीव जातो."

तिसरी पट्टी शिवता शिवता तिचा हात सुईवरच थांबला. त्या आठवड्यात वस्तादांनी एका बाईंना मोरपंखी म्हणून मातकट रंगाचा सोफा विकला होता आणि दुकानातला उजेड खराब असल्याचं मालकाला सुनावलं होतं. मालकाने त्यांना कापडांच्या नमुन्यांपासून उचलून दाराशी, "या, बसा" म्हणायला ठेवलं. घरी ते चहाचा कप उचलायच्या आधी टेबल चाचपायचे. डाव्या बुबुळावर दुधाची साय धरावी तसं काहीतरी तिला दिसू लागलं होतं.

"अहो, डोळे दाखवून या ना एकदा. मोतीबिंदू असेल. हल्ली अर्ध्या तासात काढतात."

"मी? डोळ्यांच्या डॉक्टरकडे?" वस्ताद हसले. "डोळे बांधून खेळणाऱ्याला डोळे कशाला लागतात असं विचारलं कुणी, तर काय सांगू?"

स्वतःच्या थापेत माणूस इतका पक्का अडकलेला तिने पाहिला नव्हता. चष्मा लावला तरी पंचाईत, ऑपरेशन केलं तरी पंचाईत. लोकांना पंधरा वर्षं जे खोटंच सांगितलं, ते आता देवाने खरं करून दाखवलं होतं, आणि वस्तादांना तक्रार करायला तोंड नव्हतं.

त्यानंतरच्या कार्यक्रमात पातं खाली आलं तेव्हा तिच्या हनुवटीला वारा लागला. आधी कधी लागला नव्हता. लिंबू कापलं गेलं, पण वेडंवाकडं, एक मोठी फोड आणि एक चतकोर. घरी येऊन तिने चकती उजेडात धरली. चामड्याच्या अगदी कडेला, गळ्याच्या बाजूला, ताजी चीर होती.

"हे बघा."

वस्तादांनी चकती डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरली, मग लांब धरली, मग टेबलावर ठेवून दिली. "तू हललीस."

"मी?"

"हललीस तू. माझा हात कळतो मला."

त्या दिवशी ती म्हणाली, मी यापुढे आडवी होणार नाही, माझी पाठ धरते. वस्तादांनी फार ताणलं नाही. त्यांच्या मनात वेगळंच शिजत होतं, हे तिला पंधरा दिवसांनी जेवताना कळलं.

"संस्कृती मंडळाचा मोठा कार्यक्रम आहे. बाहेरून पाहुणे येणार आहेत. सचिव म्हणाले, या वेळी तरुण चेहरा हवा." वस्तादांनी मुलीकडे मान वळवली. "आपली चिंगी झोपेल."

चिंगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "चालेल की. किती वाजता जायचंय?"

आईच्या हातातला घास हातातच राहिला. गळा डोळ्यांसमोर आला, पोरीचा. तान्ही असताना त्या गळ्याच्या वळ्यांत पावडर साचायची ती कापसाने पुसावी लागायची. तिथे लिंबू, आणि वर साय धरलेल्या डोळ्यांचा, पाय आळशी असलेला माणूस.

वस्ताद दुकानात गेल्यावर तिने चिंगीला मशीनपाशी बसवलं. सांगावं तर बापाची किंमत पोरीच्या नजरेत मातीमोल होणार. न सांगावं तर, त्यापुढचं तिला मनातही पुरं करवेना.

"चिंगे, तुला एक सांगायचंय. तुझ्या बाबांना पट्टीतून दिसतं."

चिंगी तिच्याकडे बघत राहिली आणि मग खोखो हसली. "आई! हे मला चौथीत असल्यापासून ठाऊक आहे."

"कसं?"

"तीच पट्टी बांधून मी खाली आंधळी कोशिंबीर खेळायचे. कधी हरले का मी? सगळी पोरं चक्रावायची." तिने आईचा हात थोपटला. "अगं, म्हणून तर झोपायला तयार झाले. खरंच डोळे बांधून कुणी पट्टा चालवणार असेल, तर मी कशाला झोपेन? वेडी आहे का मी?"

बाप थापा मारतो हे पोरीने कधीच गिळून टाकलं होतं, ढेकरही न देता. तिचा भरवसा त्याच्या अंतर्दृष्टीवर नव्हताच, त्याच्या लबाडीवर होता. आणि नेमकी तीच आता राहिली नव्हती.

वस्तादीणबाईंनी खणातून तिन्ही पट्ट्या काढल्या आणि मशीनवर शेजारी शेजारी मांडल्या. पहिली, मग तिच्याहून विरळ दुसरी, मग तिसरी.

"ही शेवटची बांध. समोरच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाच."

चिंगीने बांधली. "बैठक खोली, डावी खिडकी, अस्तरासह. आई, यातून तर सगळंच दिसतं. हे लोकांना कळत कसं नाही?"

"लोकांचं सोड. बाबा काल म्हणाले, अजून पातळ कर. घाम येतो."

चिंगीने पट्टी सोडली. तिसरी हातात घेतली, पहिलीवर ठेवली, पुन्हा उचलली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. आईने चामड्याची चकती पुढे केली. चिंगीने त्या चिरेवरून नख फिरवलं.

"तुला काय म्हणाले?"

"म्हणाले, तू हललीस."

"मी सांगते त्यांना. झोपत नाही म्हणते."

"मग दुसऱ्या कुणाची तरी पोर आणतील. मंडळाकडे तरुण चेहऱ्यांची कमी आहे का?"

चिंगीने चकती बोटांत फिरवली आणि म्हणाली, "रंगीत तालीम कुठे आहे?"

रंगीत तालीम दुकानामागच्या गोदामात होती, सुट्टीच्या दिवशी. चहूकडे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सोफे, मधे मोकळी जागा, जमिनीवर एक गादी. मंडळाचे सचिव एका आरामखुर्चीत रेलून बसले होते. हा गृहस्थ प्रत्येक वाक्यात एकदा 'वारसा' म्हणायचा आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून दारात कोण आलं ते बघायचा.

वस्तादांनी पोशाख चढवला. कमरेला शेला, कपाळावर गंध, चेहऱ्यावर सात पिढ्या. चिंगी गादीवर आडवी झाली. आईने चकती ठेवली, लिंबू ठेवलं. मग तिने वस्तादांना पट्टी बांधली. तिसरीच. यापेक्षा पातळ कापड जगात नाही, असं तिने त्यांना सांगितलं होतं.

"दिसत तर नाही ना काही, वस्ताद?" सचिवांनी विनोद केला.

"काळोख!" वस्ताद म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते याबाबतीत खरं बोलत होते.

ते तोंड फिरवून पट्ट्याला नमस्कार करायला लागले. त्यांचा नमस्कार लांबलचक असायचा, त्यातच निम्मा कार्यक्रम जायचा. चिंगी आवाज न करता उठली. अनवाणी होती. तिने शेजारच्या सोफ्यावरची फिक्या रंगाची लांब उशी ओढली, गादीवर ठेवली, तिच्यावर चकती आणि लिंबू ठेवलं. सचिवांनी तोंड उघडलं, तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यांनी ते उघडंच ठेवलं. मग ती वस्तादांच्या मागून जाऊन दारापाशी उभी राहिली.

वस्ताद वळले. उशीकडे त्यांनी दोन वेळा मान झुकवली, जशी ते नेहमी झुकवत, अंदाज घेत. आई श्वास धरून उभी होती. तिला वाटत होतं, ओळखू दे. आता म्हणू दे, ही उशी कुणी ठेवली? सगळा खोटेपणा चालेल, पण दिसू दे.

"हलू नकोस हं बाळा," वस्ताद उशीला म्हणाले.

पट्टा फिरला. एक गिरकी, दुसरी गिरकी, पाय तसेच आळशी, एक पुढे पडायचा तो बाजूला पडला. पातं सूं करून खाली आलं. लिंबू टुणकन उडून सोफ्याखाली गेलं. उशी एका टोकापासून मधोमध फाटली आणि आतला स्पंज फसकन बाहेर आला.

"हललीस!" वस्ताद गरजले. "शंभरदा सांगितलं, हलू नकोस! मान हलवलीस तू!"

मागून, दारातून आवाज आला. "बाबा, मी इथे आहे."

वस्ताद आवाजाच्या दिशेने वळले, मग पुन्हा गादीकडे, मग पुन्हा दाराकडे. पट्टी अजून डोळ्यांवर होती. त्यांनी डाव्या हाताने पट्टी वर सरकवली, खाली वाकले आणि बोटांनी स्पंज चाचपला. बराच वेळ चाचपला.

वस्तादीणबाईंना वाटलं, आता हा माणूस बसेल. एवढ्या वर्षांत एकदा तरी गपकन बसेल.

वस्ताद ताठ उभे राहिले. "ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "उशी आहे ते. म्हणून तर मारली."

"क्या बात है!" सचिव खुर्चीतून उठले. "हीच ती अंतर्दृष्टी! आपला वारसा!"

पडले तरी नाक वर, आणि ते नाक उचलून धरायला एक सचिव. आईला दोघांचीही त्याच स्पंजने तोंडं पुसून काढावीत असं वाटलं. चिंगी मात्र पुढे आली. तिने बापाच्या हाताचे बंद सोडवले, लोखंडी मूठ ओढून काढली, पातं कापडात गुंडाळलं. वस्तादांनी हात तसाच पुढे धरून ठेवला होता, लहान मुलाचा स्वेटर काढतात तसा.

"मी झोपणार नाही, बाबा," ती हळूच म्हणाली. "दुसरंही कुणी झोपणार नाही. नाहीतर ही उशी मी मंचावर आणीन."

वस्ताद कमरेचा शेला सोडू लागले.

कार्यक्रमाच्या दिवशी आई तिसऱ्या रांगेत बसली. मंचावर चिंगीने घरातली कपड्यांची वेताची टोपली आणून पालथी घातली आणि वर लिंबू ठेवलं. सभागृहात कुजबुज झाली. पत्रिकेत तर सजीव प्रयोग लिहिला होता. वस्तादांनी माईक हातात घेतला. आईने डोळे मिटले, आता काय ऐकावं लागतंय म्हणून.

"मित्रहो," वस्ताद म्हणाले, "आमच्या परंपरेत मुळात लिंबू टोपलीवरच ठेवतात. माणसावर पातं उचलणं आम्हाला मान्यच नाही. लोकांच्या आग्रहास्तव मी इतकी वर्षं ते केलं. आज मी मूळ परंपरेकडे परत जात आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आईने डोळे उघडले. गोदामामागचं अंगण, विझवलेली बिडी, पालथी टोपली, सगळं तिला दिसलं. हा माणूस ते केव्हाच विसरला होता. थाप मारायची म्हणून मारली, आणि ती चुकून अण्णांच्या अंगणात जाऊन पडली. पुढे ते "सात पिढ्या" म्हणाले तेव्हा तिला हायसं वाटलं. म्हटलं, आला बाई माणूस जागेवर.

लिंबू पहिल्या वारात कापलं गेलं नाही, टोपलीचा काठ गेला. दुसऱ्या वारात कापलं गेलं. लोकांनी दोन्हीला सारख्याच टाळ्या दिल्या.

त्या आठवड्यात चिंगी बापाला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. शेजाऱ्यांना डोकेदुखीचं सांगितलं. ऑपरेशन झालं, हिरवा चष्मा लावून वस्ताद काही दिवस घरात बसले, मग दुसऱ्या डोळ्याचंही झालं. दुकानाच्या मालकाने त्यांना पुन्हा कापडांच्या नमुन्यांपाशी बसवलं. ती फाटलेली उशी वस्तादीणबाईंनी शिवली. शिवण जाड, काळ्या दोऱ्याची, लांबून दिसेल अशी. ती वस्तादांच्या खुर्चीत ठेवली. ते रोज तिच्यावर पाठ टेकून बसतात आणि तिच्याबद्दल बोलत नाहीत.

मागच्या महिन्यात ते पट्टी घेऊन मशीनपाशी आले. चेहरा असा, की जणू उपकार करायला आलेत.

"पुन्हा सुरू करावं म्हणतो. टोपलीवरच, पण डोळे बांधून. पहिलीसारखी कर. अगदी एवढी पातळ नको." त्यांनी घसा खाकरला. "हल्ली घाम येत नाही."

वस्तादीणबाईंनी मान डोलावली. तिने जाड काळ्या पडद्याचं कापड घेतलं, चार पदर केले, मधे अस्तर घातलं आणि चारही बाजूंनी दुहेरी शिवण मारली. त्यातून दुपारचं ऊनही आत येणार नाही. ती पट्टी इस्त्री करून त्यांच्या पोशाखावर ठेवली.

अजून तिथेच आहे. वस्ताद पोशाख घालायला घेताना ती अलगद उचलून बाजूला ठेवतात, आणि उघड्या डोळ्यांनी खेळून येतात.